कॅलेंडर स्प्रेडमधील असाइनमेंटची जोखीम : प्रचलित मांडणीची एक चिकित्सा
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील वाणिज्य-अध्यापनाच्या संदर्भात)

प्रस्तावना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य व व्यवस्थापन शाखेचे अभ्यासक्रम शिकवितात. या अभ्यासक्रमांत डेरिव्हेटिव्हज हा विषय आता स्थिरावला आहे. फ्यूचर्स, ऑप्शन्स, स्प्रेड, स्ट्रॅडल हे शब्द तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला परिचयाचे असतात. वर्गात शिकलेली आकृती मोबाईलवरील ट्रेडिंग ॲपमध्ये त्याच दिवशी वापरून पाहता येते, ही गोष्ट मात्र पूर्वीच्या पिढीच्या अध्यापकांसमोर नव्हती. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील एखाद्या विधानाची अपूर्णता आता केवळ गुणांचा प्रश्न राहिलेली नाही. ती बचतीचा प्रश्न झाली आहे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के व्यापाऱ्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तीस वर्षांखालील व्यापाऱ्यांचे प्रमाण २०२२-२३ मधील ३१ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४३ टक्क्यांवर गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक व्यापाऱ्यांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचे नोंदविले होते. हे वय आणि हे उत्पन्न महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाचे आहे, हे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखात ऑप्शन्सच्या अनेक व्यूहांपैकी कॅलेंडर स्प्रेड हा एकच व्यूह आणि त्यातील असाइनमेंटची जोखीम हा एकच मुद्दा घेतला आहे. या जोखमीची प्रचलित मांडणी अमेरिकी बाजाराच्या नियमांवर उभी आहे. ती भारतीय वर्गात जशीच्या तशी आणल्यास विद्यार्थी नसलेल्या धोक्याला घाबरतो आणि असलेल्या धोक्याकडे दुर्लक्ष करतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संज्ञेचा प्रश्न

कॅलेंडर स्प्रेडमध्ये एकाच शेअरवरील किंवा निर्देशांकावरील, एकाच स्ट्राइक प्राइसचे, परंतु वेगवेगळ्या मुदतीचे दोन ऑप्शन घेतले जातात. जवळच्या मुदतीचा ऑप्शन विकावयाचा आणि पुढच्या मुदतीचा विकत घ्यावयाचा. जवळच्या ऑप्शनचे कालमूल्य अधिक वेगाने झिजते आणि दूरच्या ऑप्शनचे सावकाश झिजते. या दोन वेगांतील फरकावर नफ्याची आशा ठेवलेली असते.

ज्याने ऑप्शन विकला त्याने हक्क दिलेला असतो. खरेदीदाराने तो हक्क बजावला की कोणा एका विक्रेत्यावर पूर्ततेची जबाबदारी येते. क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्या मालिकेतील विक्रेत्यांमधून यादृच्छिक पद्धतीने ही जबाबदारी वाटून देते. या वाटपास असाइनमेंट म्हणतात.

मराठी वर्गात हा शब्द दोन ठिकाणी अडखळतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने असाइनमेंट म्हणजे घरी लिहून आणावयाचा स्वाध्याय. कायद्याच्या मराठीत असाइनमेंटला 'अभिहस्तांकन' हा प्रतिशब्द आहे, पण त्याचा अर्थ आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करणे असा आहे. ऑप्शनच्या बाबतीत घडते ते याच्या उलट. येथे हक्क हस्तांतरित होत नाही, दायित्व अंगावर पडते, आणि ते कोणावर पडावे हे विक्रेता ठरवीत नाही. म्हणून 'अभिहस्तांकन' हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे. 'दायित्व-वाटप' हा शब्द कमी डौलदार असला तरी अर्थाशी प्रामाणिक आहे. संज्ञेतच दायित्वाचा उल्लेख असेल तर हे दायित्व रकमेचे की शेअर्सचे, आणि ते कोणत्या दिवशी येणार, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी आपोआप विचारतो.

प्रचलित मांडणी : गुण आणि मर्यादा

जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन ग्रंथांचा येथे विचार करणे उपयुक्त ठरेल. जॉन हल यांचे 'ऑप्शन्स, फ्यूचर्स अँड अदर डेरिव्हेटिव्हज' हे विद्यापीठीय पाठ्यपुस्तक आहे. लॉरेन्स मॅकमिलन यांचे १९८० मध्ये प्रथम प्रकाशित झालेले 'ऑप्शन्स ॲज अ स्ट्रॅटेजिक इन्व्हेस्टमेंट' हे व्यवहारी व्यापाऱ्यासाठी लिहिलेले पुस्तक आहे.

हल व्यूहांची चर्चा करताना ऑप्शन युरोपीय पद्धतीचे, म्हणजे केवळ मुदतीच्या दिवशीच बजावता येणारे, आहेत असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात आणि तसे सांगतातही. कॅलेंडर स्प्रेडची त्यांची आकृती जवळचा ऑप्शन संपतो त्या क्षणी दूरचा ऑप्शन विकून टाकला, या गृहीतकावर काढलेली असते. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी निर्दोष आहे. परंतु आकृतीतील तो एक क्षण प्रत्यक्षात एक संपूर्ण दुपार असतो. त्या दुपारी दूरचा ऑप्शन घेणारा कोणी बाजारात असेल की नाही, याची नोंद आकृतीत होत नाही.

मॅकमिलन यांची परंपरा अमेरिकी शेअर-ऑप्शन्सची आहे. तेथे ऑप्शन मुदतीपूर्वी केव्हाही बजावता येतो आणि पूर्तता प्रत्यक्ष शेअर्सने होते. त्यामुळे तेथील पुस्तकांत मुदतपूर्व असाइनमेंट हा भीतीचा मुख्य विषय असतो. या भीतीलाही सैद्धांतिक मर्यादा आहे. लाभांश न देणाऱ्या शेअरवरील कॉल मुदतीपूर्वी बजावणे शहाणपणाचे नसते, हे रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून विकलेल्या कॉलवरील धोका मुख्यतः लाभांशाच्या हक्काची तारीख उलटण्याच्या आदल्या दिवशी दाटतो, आणि विकलेल्या पुटवरील धोका तो पुट खोलवर फायद्यात गेल्यावर वाढतो.

या मांडणीत धोक्याबरोबर उपायही दिलेला असतो, ही बाब बहुधा नजरेतून सुटते. अमेरिकी पद्धतीत विकलेला जवळचा कॉल अंगावर आला, तर व्यापारी आपल्याजवळचा दूरचा कॉल त्याच वेळी बजावून शेअर्स मिळवू शकतो आणि ते देऊन मोकळा होऊ शकतो. उरलेले कालमूल्य त्यात बुडते, पण शेअर्सची सोय होते. 'कॅलेंडर स्प्रेडमध्ये दूरचा ऑप्शन संरक्षण देतो' हे वाक्य या उपायामुळे पूर्णार्थाने खरे ठरते. भारतीय टिपणांत हे वाक्य येते, मात्र त्यामागची अट येत नाही.

भारतीय नियमांचे तीन कालखंड

भारतात ऑप्शन ही कल्पना नवी नाही. १९५६ च्या रोखे करार (विनियमन) कायद्याने 'रोख्यांमधील ऑप्शन' या संज्ञेच्या व्याख्येत तेजी, मंदी आणि तेजी-मंदी हे देशी शब्दच नोंदविले होते, आणि त्याच कायद्याच्या कलम २० ने असे व्यवहार बेकायदा ठरविले होते. हे कलम १९९५ मध्ये वगळण्यात आले. राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरील ऑप्शन ४ जून २००१ रोजी आणि शेअर्सवरील ऑप्शन २ जुलै २००१ रोजी सुरू झाले. तेव्हापासूनच्या नियमांचे, शेअर्सवरील ऑप्शनपुरते, तीन कालखंड पडतात.

पहिला कालखंड २००१ ते २०१० हा होय. या काळात शेअर्सवरील ऑप्शन अमेरिकी पद्धतीचे होते, म्हणजे मुदतीपूर्वी बजावता येत. पूर्तता मात्र रोख फरकाने होत असे. असाइनमेंट अकस्मात येऊ शकत होती, पण ती केवळ पैशांची असे.

दुसरा कालखंड जानेवारी २०११ पासून सुरू होतो. शेअर्सवरील ऑप्शन युरोपीय पद्धतीचे झाले आणि पूर्तता रोखच राहिली. मुदतपूर्व असाइनमेंट संपली आणि मुदतीच्या दिवशीची असाइनमेंटही फक्त रकमेचा हिशेब राहिली. असाइनमेंटच्या दृष्टीने कॅलेंडर स्प्रेडसाठी हा सर्वांत निर्धोक काळ होता.

तिसरा कालखंड सेबीच्या एप्रिल २०१८ मधील परिपत्रकाने सुरू झाला. जुलै २०१८ पासून काही शेअर्सच्या बाबतीत प्रत्यक्ष शेअर्स देऊन-घेऊन पूर्तता करण्याची पद्धत आली आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने सर्व शेअर्सच्या डेरिव्हेटिव्हजना लागू झाली. ऑप्शन युरोपीयच राहिले.

हे तीन कालखंड शेजारी ठेवले असता एक गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकी पुस्तकांत गृहीत धरलेला संयोग, म्हणजे मुदतीपूर्वी बजावण्याची मुभा आणि प्रत्यक्ष शेअर्सची पूर्तता, राष्ट्रीय शेअर बाजारात या तिन्हींपैकी एकाही कालखंडात दिसत नाही. ज्या काळात मुभा होती त्या काळात शेअर्स द्यावे लागत नव्हते, आणि ज्या काळात शेअर्स द्यावे लागतात त्या काळात मुभा नाही. २०११ च्या बदलाने मुदतपूर्व असाइनमेंटचा रोग गेला, परंतु दूरचा ऑप्शन बजावून शेअर्स मिळविण्याचे औषधही त्याबरोबर गेले. २०१८-१९ च्या बदलाने रोग वेगळ्या रूपात परत आला, औषध मात्र परत आले नाही.

एक कल्पित उदाहरण

मुद्दा आकड्यांनी स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शेअरचा लॉट ५०० आहे. व्यापाऱ्याने १,००० रुपये स्ट्राइकचा चालू महिन्याचा कॉल २० रुपयांना विकला आणि पुढील महिन्याचा त्याच स्ट्राइकचा कॉल ३८ रुपयांना घेतला. प्रतिशेअर १८ रुपये, म्हणजे एकूण ९,००० रुपये खर्च झाले. टिपणात लिहिलेले असते की, कमाल तोटा ९,००० रुपये.

मुदतीच्या दिवशी शेअर १,०६० रुपयांवर बंद झाला असे समजू. विकलेल्या कॉलवर ६० रुपयांचे देणे झाले. पुढील महिन्याच्या कॉलचे मूल्य ७२ रुपये आहे असे मानू. दोहोंतील फरक १२ रुपये, खर्च १८ रुपये, म्हणून तोटा प्रतिशेअर ६ रुपये, एकूण ३,००० रुपये. आकृतीच्या दृष्टीने हिशेब येथे संपतो.

बाजाराच्या दृष्टीने तो येथे सुरू होतो. जवळचा कॉल बंद केला नसेल, तर व्यापाऱ्यास ५०० शेअर्स द्यावयाचे आहेत. त्यांची बाजारातील किंमत ५,३०,००० रुपये असून त्याबदल्यात त्यास ५,००,००० रुपये मिळतील. शेअर्स त्याच्याजवळ नाहीत. पुढील महिन्याचा कॉल फायद्यात आहे, परंतु तो युरोपीय असल्याने आज बजावता येत नाही. शेअर्स देता आले नाहीत तर तूट लिलावात भरून काढली जाते. लिलावातील भाव बाजारभावापेक्षा २० रुपयांनी जास्त पडला, तर १०,००० रुपयांचा अधिक भार येतो. एकूण तोटा १३,००० रुपये, म्हणजे 'कमाल' म्हणून सांगितलेल्या रकमेच्या पलीकडे. हा जादा तोटा शेअरच्या किमतीतून आलेला नाही, तो पूर्ततेच्या यंत्रणेतून आलेला आहे. म्हणूनच दूरचा कॉल तो भरून काढीत नाही.

पुटच्या बाबतीत अडचण शेअर्सची नसून पैशाची असते. त्याच स्ट्राइकचा जवळचा पुट विकला आणि दूरचा घेतला, आणि शेअर ९४० वर बंद झाला, तर ५०० शेअर्स १,००० रुपये दराने घ्यावे लागतात. त्यासाठी पाच लाख रुपये हवेत. दूरचा पुट किमतीतील घसरणीपासून संरक्षण देतो हे खरे, परंतु तो पाच लाख रुपये उभे करून देत नाही.

येथे उभ्या स्प्रेडशी, म्हणजे एकाच मुदतीच्या पण वेगवेगळ्या स्ट्राइकच्या दोन ऑप्शनांच्या व्यूहाशी, तुलना बोधप्रद आहे. तेथे दोन्ही ऑप्शन फायद्यात संपले तर एकाचे देणे व दुसऱ्याचे घेणे त्याच दिवशी एकमेकांत वजा होते. कॅलेंडर स्प्रेडमध्ये मुदती भिन्न असल्याने अशी वजावट होत नाही. पाठ्यपुस्तकांत हे दोन व्यूह 'मर्यादित तोट्याचे स्प्रेड' म्हणून एकाच प्रकरणात येतात. पूर्ततेच्या कसोटीवर मात्र ते एका जातीचे नाहीत.

यात आणखी दोन व्यावहारिक बाबींची भर पडते. शेअर्सवरील पुढील महिन्याच्या ऑप्शनांत उलाढाल बहुधा विरळ असते. त्यामुळे आकृतीत दाखविलेल्या मूल्याला ते विकले जातीलच असे नाही. दुसरे असे की, शेअरचा भाव स्ट्राइकच्या अगदी जवळ असताना असाइनमेंट होणार की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. ज्या बंद भावावर ते ठरते तो पडद्यावर दिसलेल्या शेवटच्या व्यवहाराचा भाव असतोच असे नाही.

निर्देशांकावरील कॅलेंडर स्प्रेड

निर्देशांकावरील ऑप्शन आरंभापासून युरोपीय आणि रोख पूर्ततेचे आहेत. तेथे शेअर्स देण्या-घेण्याचा प्रश्नच नाही. यावरून 'निर्देशांकात असाइनमेंटची जोखीम नाही' असा निष्कर्ष काढला जातो. तो अक्षरशः बरोबर असला तरी अपुरा आहे.

सेबीने १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने निर्देशांकावरील डेरिव्हेटिव्हजसाठी अनेक उपाय जाहीर केले. त्यांपैकी एकानुसार १ फेब्रुवारी २०२५ पासून, ज्या दिवशी करार संपतो त्या दिवशी, त्या कराराच्या बाबतीत कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन-सवलत मिळत नाही. आदल्या दिवसापर्यंत जो व्यूह जोडी म्हणून मोजला जात होता, तो शेवटच्या दिवशी दोन सुटे व्यवहार म्हणून मोजला जातो आणि विकलेल्या ऑप्शनवर पूर्ण मार्जिन लागते. ते नसल्यास दलाल व्यवहार बंद करू शकतो. म्हणजे शेअर्सच्या बाबतीत जे काम असाइनमेंट करते, तेच काम येथे मार्जिन करते. दोन्ही ठिकाणी ज्या दिवशी व्यूहाचा निकाल लागावयाचा, त्याच दिवशी त्याची एक बाजू निखळते. नियामकाची भूमिका यात विसंगत म्हणता येणार नाही. जवळचा करार संपत असताना दूरच्या कराराला त्याचे पूर्ण तारण मानणे धोक्याचे आहे, हेच या नियमाने मान्य केले आहे. पाठ्यपुस्तकांनी मात्र ते अद्याप पुरेसे मान्य केलेले नाही.

हुंडी, बदला आणि स्थानिक समज

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधच्या व्यापारी परंपरेत शिकारपूरच्या सराफांची हुंडी प्रसिद्ध होती आणि ती मध्य आशियापर्यंत चालत असे. हुंडीचे दर्शनी आणि मुदती असे दोन प्रकार होते. मुदती हुंडी ठरल्या दिवशी भरावीच लागे. पुढच्या महिन्याची येणे हुंडी पेटीत आहे म्हणून आजच्या देणे हुंडीची फेड होत नसे. कॅलेंडर स्प्रेडमधील असाइनमेंट समजावून देण्यासाठी उल्हासनगरच्या वर्गात याहून जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही. दूरचा ऑप्शन ही येणे हुंडी आहे आणि जवळचा ऑप्शन ही देणे हुंडी आहे. त्यांची रक्कम सारखी असेल, तारीख सारखी नाही.

मुंबई शेअर बाजारातील बदला पद्धतीची आठवण मात्र येथे चुकीच्या दिशेने नेते. बदल्यात व्यवहाराची पूर्तता, आकार देऊन, पुढील सौदापूर्तीपर्यंत ढकलता येत असे. ही पद्धत २ जुलै २००१ पासून बंद झाली, आणि नेमके त्याच दिवशी शेअर्सवरील ऑप्शन सुरू झाले. जुन्या बाजाराशी परिचित असलेल्या घरांतून 'पुढचा महिना घेतला आहे, म्हणजे चालू महिना पुढे ढकलला' अशी समज आली, तर तिचे मूळ बदल्यात आहे. कॅलेंडर स्प्रेडमध्ये काहीही पुढे ढकलले जात नाही. जवळचा करार आपल्या तारखेस संपतो, आणि दूरचा करार हा त्याचा उत्तराधिकारी नसून शेजारी असतो.

परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. अंबरनाथ-बदलापूरचा नोकरदार दिवसाचा मोठा भाग कामावर आणि लोकलमध्ये घालवितो. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. ज्या व्यूहाची सुरक्षितता शेवटच्या दिवशी दुपारी वेळेवर केलेल्या एका कृतीवर अवलंबून आहे, तो व्यूह अशा माणसासाठी 'कमी देखरेखीचा' म्हणून सांगणे योग्य नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून कॅलेंडर स्प्रेड शिकविताना पुढील चार प्रश्न आकृतीच्या आधी विचारले जावेत असे सुचवावेसे वाटते.

१) हा ऑप्शन मुदतीपूर्वी बजावता येतो का?
२) पूर्तता रोख आहे की प्रत्यक्ष शेअर्सची?
३) दोन्ही बाजू एकाच दिवशी संपतात का, म्हणजे देणे-घेणे परस्परांत वजा होते का?
४) शेवटच्या दिवशी मार्जिन किती लागेल आणि ते कोठून येईल?

या चार प्रश्नांची उत्तरे अमेरिका आणि भारत येथे, तसेच शेअर आणि निर्देशांक यांत वेगवेगळी येतात. परीक्षेत 'कमाल तोटा किती?' या प्रश्नाबरोबर 'तो कमाल राहण्यासाठी कोणत्या दिवशी काय करावे लागेल?' हा उपप्रश्न जोडल्यास विद्यार्थी आकृतीकडून व्यवहाराकडे वळेल. संदर्भग्रंथ बदलण्याची गरज नाही. त्यातील गृहीतके फळ्यावर लिहिण्याची गरज आहे.

समारोप

कॅलेंडर स्प्रेडची प्रचलित मांडणी चुकीची नाही. ती ज्या बाजारासाठी केली गेली तेथे ती योग्यच आहे. दोष तिच्या स्थलांतरात आहे. मुदतपूर्व असाइनमेंटचा धडा भारतीय विद्यार्थ्याला २०११ नंतर फारसा उपयोगी राहिलेला नाही. मुदतीच्या दिवशीची प्रत्यक्ष पूर्तता आणि मार्जिनचा धडा त्याला मिळावयास हवा, तो पुरेसा मिळत नाही. 'मर्यादित तोटा' या दोन शब्दांत मूल्याचा तोटा मर्यादित आहे असे सांगितलेले असते. दायित्व मर्यादित आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. हा भेद वर्गात स्पष्ट झाला नाही तर तो बाजारात स्पष्ट होतो, आणि तेथील शिकवणीचे शुल्क या परिसरातील बहुतेक घरांना परवडणारे नाही.